घाटाने झिजवलेले इंजिन आणि परळचा कारखाना

मुंबईहून नाशिककडे निघालेली मेल गाडी कसारा स्थानकात थांबते तेव्हा बहुतेक प्रवासी चहाच्या शोधात असतात. त्याच काही मिनिटांत गाडीच्या शेपटीला आणखी इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची रेटतात आणि गाडी थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचते. तिथे बँकर सुटे होतात व पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली उतरतात. आज ही इंजिने विजेची असली, तरी रिवाज वाफेच्या काळातला आहे.

थळ घाटातला लोहमार्ग कसा बांधला गेला याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जेम्स बर्कले, एहेगावचा उंच पूल, बोगदे, साथीच्या रोगांनी मेलेले मजूर ही कथा इतिहासप्रेमींना परिचित आहे. पण मार्ग बांधून झाल्यावर त्या घाटाने इंजिनांचे काय केले, आणि झिजलेले इंजिन पुन्हा उभे करण्यासाठी कोणते काम कोणत्या क्रमाने करावे लागे, याकडे क्वचितच कोणी वळते. हा धागा त्या दुर्लक्षित बाजूविषयी.

प्रथम भूगोल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. तिथून ईशान्येकडे सरकणारा जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत आला आणि १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरीपर्यंतचा घाट वाहतुकीस खुला झाला. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही सारी स्थानके शहापूर तालुक्यातली. आटगावच्या पश्चिमेस तानसा. तिथे १८९२ साली जवळपास दोन मैल लांबीचे दगडी धरण पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मुंबईच्या नळांना मिळू लागले. या एका तालुक्यात दोन परस्परविरुद्ध कामे शेजारीशेजारी चालत आली आहेत. तानशाचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहराकडे वाहत जाते; त्याला ढकलायला इंजिन लागत नाही. गाडीला मात्र त्याच उताराच्या विरुद्ध चढायचे असते, आणि त्या चढाची किंमत लोखंडाला मोजावी लागते.

ती किंमत समजण्यासाठी दोन आकडे पुरेत. सुमारे सव्वानऊ मैलांत मार्ग ९७२ फूट वर चढतो आणि सर्वांत कठीण ठिकाणी दर ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ किरकोळ वाटेल. पण पोलादी रुळावर पोलादी चाक धावते तेव्हा पकड फार थोडी असते. सपाटीवर सहज ओढली जाणारी गाडी इथे इंजिनाची सारी ताकद खाऊन टाकते. म्हणूनच १८६० च्या दशकात मँचेस्टरच्या शार्प स्टुअर्ट कंपनीकडून घाटासाठी खास इंजिने मागवली गेली. त्यांच्या बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी बसवलेली होती, म्हणजे पाण्याचे वजनही चाकांवर पडून पकड वाढावी. उतरताना चाकांच्या ब्रेकवर भिस्त पुरणार नाही म्हणून थेट रुळावर दाबली जाणारी घसरपट्टीही त्यांना दिली होती.

अशा चढ-उतारांच्या फेऱ्यांनंतर इंजिनाचे कोणते भाग झिजत?

सर्वप्रथम चाके. वाफेच्या इंजिनाचे चाक एकसंध नसते. मधला भाग वेगळा आणि त्यावर तापवून चढवलेली पोलादी धाव वेगळी. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो तसेच. घाटातल्या वळणांवर या धावेची कड रुळाच्या कुशीला सतत घासते आणि पातळ, टोकदार होत जाते. टोकदार कड रुळावर चढण्याचा धोका असतो. म्हणजे गाडी घसरण्याचा. उतरताना ब्रेकचे ठोकळे धावेवर दाबले जातात, धाव तापते, प्रसरण पावते आणि क्वचित मधल्या भागावर सैल होते. म्हणून तपासनीस हातोडीने चाक ठोकून आवाज ऐकत असे. घट्ट चाक खणखणते, सैल चाक बद्द वाजते.

दुसरे झिजणारे अंग सिलिंडर. आडव्या सिलिंडरमध्ये दट्ट्या पुढेमागे सरकतो आणि त्याचे वजन तळाकडे पडते. त्यामुळे गोल भोक हळूहळू लांबट होते. वाफ कडेने निसटू लागते, कोळसा तोच जळतो पण ओढ कमी होते. तिसरे, आसाच्या पेट्या. आस ज्या पितळी व पांढऱ्या धातूच्या अस्तरात फिरतो ते अस्तर खाल्ले जाते, मग पेटी आपल्या खाचेत खडखडू लागते. चौथा बॉयलर. पाण्यातले क्षार नळ्यांवर थर धरतात, आगपेटीच्या तांब्याच्या भिंती पातळ होतात, त्यांना बांधून ठेवणारे बोल्ट तुटतात. बॉयलरचा प्रश्न बचतीचा नसून माणसांच्या जिवाचा होता.

लहानसहान डागडुजी कल्याण, इगतपुरीसारख्या ठिकाणच्या शेडमध्ये होई. पण ठरावीक मजल मारल्यावर इंजिन पूर्ण उघडावे लागे, आणि ते काम शेडचे नव्हते. त्यासाठी कार्यशाळा होती. जी.आय.पी.ची पहिली कार्यशाळा भायखळ्याला होती. १८७९ मध्ये परळची कार्यशाळा उभी राहिली आणि पुढे घाटातली इंजिने तिथेच येऊ लागली. गिरणगावात कापडगिरण्यांच्या भोंग्यांच्या जोडीला रेल्वे कारखान्याचा भोंगाही वाजू लागला.

आता या कथेचा गाभा. इंजिन कार्यशाळेत आले की मिस्त्री लगेच लेथ सुरू करतो, अशी कल्पना असेल तर ती चुकीची आहे. आधी इंजिन खोलले जाई, सुटे भाग उकळत्या सोड्याच्या पाण्यात धुऊन वंगणाचा थर काढला जाई, आणि मग मोजणी. प्रत्येक भागाची तीनपैकी एका ढिगात रवानगी होई: जसा आहे तसा पुन्हा वापरायचा, दुरुस्त करून वापरायचा, किंवा भंगारात टाकायचा. हा निवाडा करणारा माणूस कारखान्यातला सर्वांत अनुभवी माणूस असे, आणि ते रास्तच होते. धातू कातून काढणे सोपे आहे. काढलेला धातू परत घालता येत नाही.

या एका गोष्टीमुळे सारे नियोजन उलट्या दिशेने करावे लागे. चाकांचे उदाहरण घ्यावे. इंजिनाची ओढणारी चाके एकमेकांना दांड्यांनी जोडलेली असतात, म्हणून ती सारी एकाच वेगाने फिरली पाहिजेत. म्हणजे त्यांचा व्यास सारखा हवा. समजा, आठ चाकांपैकी सात थोडी झिजली आहेत आणि एक जास्त. मग त्या एका चाकाची कड नीट करण्यासाठी ते जेवढे कातावे लागेल, तेवढी उरलेली सातही कातावी लागतात. चांगल्या सात धावांचे आयुष्य एका वाईट धावेपायी कमी होते. याउलट त्या एकाच चाकाला नवी धाव घातली तर? नवी धाव जाड असते, म्हणजे तिलाच बाकीच्यांच्या मापापर्यंत कातून आणावे लागते आणि कोऱ्या पोलादाचा कीस होतो. कोणता तोटा कमी, हे लेथवर चाक चढवण्यापूर्वी कागदावर ठरवायचे असते. चढवल्यानंतर ठरवणारा कारागीर कंपनीला महाग पडे.

सिलिंडरचे गणितही याच जातीचे. लांबट झालेले भोक पुन्हा गोल करण्यासाठी ते थोडे मोठे कापावे लागते. हे काम सिलिंडर इंजिनावरच ठेवून, त्यातून आरपार घातलेल्या फिरत्या दांड्याने केले जाई. पण भोक मोठे झाले की जुना दट्ट्या आणि जुन्या कड्या निरुपयोगी. शिवाय भिंतीची जाडी प्रत्येक वेळी घटते. तीन-चार वेळा कापल्यावर भिंत इतकी पातळ होते की आत बिडाचे नवे अस्तर बसवून मूळ मापावर परत यावे लागते. म्हणून कार्यशाळा वाटेल त्या मापाला कापत नसत. ठरावीक टप्पे असत आणि त्या टप्प्यांचे दट्ट्ये आधीच तयार ठेवलेले असत. टप्पा चुकवून अगदी जरुरीपुरते कापणे ही वरवर काटकसर वाटते. प्रत्यक्षात त्या मापाचा दट्ट्या जगात कुठेच नसतो आणि इंजिन उभे राहते.

क्रमाचेही तसेच. आसाचा जो भाग पेटीत फिरतो तो आधी कातून गोल करायचा, त्याचे नवे माप घ्यायचे, आणि मगच पेटीचे अस्तर त्या मापाला कोरायचे. घाईने दोन्ही कामे समांतर केली तर दोन्ही भाग स्वतंत्रपणे निर्दोष निघतात आणि एकमेकांत बसत नाहीत. सिलिंडरच्या मध्यातून तार ताणून तिच्याशी आस बरोबर काटकोनात आहेत की नाहीत हे तपासले जाई. दांड्यांच्या दोन भोकांमधले अंतर आसांमधल्या अंतराशी जुळवले जाई. डाव्या बाजूची खुंटी उजव्या बाजूच्या खुंटीशी ९० अंशांत असावी लागे, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर असताना दुसरी पूर्ण जोरात असते; हा कोन सर्व आसांवर एकसारखा नसेल तर दांडे वाकतात. आणि हे सारे सुरू होण्यापूर्वी बॉयलर उचलून बॉयलरशाळेत पाठवलेला असे, कारण त्याला सर्वांत जास्त दिवस लागत. शहाण्या कार्यशाळा एक-दोन जादा बॉयलर तयार ठेवत. आलेल्या इंजिनाचा बॉयलर दुरुस्त होण्याची वाट पाहायची नाही. आधीच दुरुस्त झालेला त्यावर चढवायचा. त्यामुळे आज जुन्या इंजिनावरच्या पाटीवरून त्याचा बॉयलर मूळचाच आहे असे मानणारे संग्राहक अनेकदा फसतात.

माप घेण्याची भाषाही लक्षात घेण्यासारखी आहे. कागदपत्रे इंग्रजी इंचांत, पण कारखान्यात ‘सूत’ चाले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी आणि सुतार हे माप आजही वापरतात. सुताने इमारत उभी राहते, आसाची पेटी नाही. तिथे इंचाचा हजारावा भाग लागतो. त्याला फिटर ‘थाऊ’ म्हणू लागले आणि तो शब्द मराठी कारखान्यांत कायमचा राहिला. तापवून धाव चढवताना ती चाकाच्या मधल्या भागापेक्षा व्यासाच्या दर इंचामागे सुमारे एक थाऊ लहान ठेवायची, असा ढोबळ नियम असे. चार फुटी चाकाला म्हणजे पन्नासेक थाऊ. त्याहून सैल ठेवली तर घाट उतरताना निसटेल. फार आवळली तर थंड होताना तडकेल. दोन्ही चुकांचा निकाल कारखान्यात लागत नाही, घाटात लागतो.

सुट्या भागांचा प्रश्न वेगळाच होता. इंजिने मँचेस्टर, ग्लासगोची. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी माल आफ्रिकेला वळसा घालून येई. कालव्यानंतर वेळ वाचला तरी आज मागितले आणि उद्या आले असे होणे नव्हते. त्यातच कारखानदार निराळे, वर्ष निराळे, मापे निराळी. एका इंजिनाचा दट्ट्या शेजारच्या इंजिनाला चालेल याची खात्री नसे. १९०३ मध्ये भारतीय रेल्वेंसाठी प्रमाणित इंजिनांचे पहिले नमुने ठरवले गेले. नवे इंजिन स्वस्त पडावे हा त्यामागचा एक हेतू. पण त्याचा मोठा लाभ दुरुस्तीला झाला. दुरुस्तीची कार्यशाळा मुळात किती सज्ज असे, याची साक्ष दुसरीकडे मिळते. १८९५ मध्ये अजमेरच्या कार्यशाळेने मीटर गेजचे एक पूर्ण इंजिन घडवले आणि १८९९ मध्ये जमालपूरने ब्रॉडगेजचे. ज्या हातांना प्रत्येक भाग मोजता, ओतता, कातता येतो, त्यांना नवे इंजिन बांधण्यास अडथळा कौशल्याचा नसतो. अडथळा धोरणाचा होता, आणि ते धोरण लंडनमध्ये ठरे.

कारखान्यातली उतरंडही त्याच धोरणाची. वरच्या जागा युरोपियनांना, त्याखालच्या बऱ्याचशा अँग्लो-इंडियनांना, आणि कानस, छिन्नी, हातोडा कोकणातून व देशावरून आलेल्या माणसांच्या हाती. इंजिनाचा क्रमांक नोंदवहीत राहिला, त्याला केव्हा कोणती धाव घातली तेही राहिले. ज्याने ठोकून आवाज ऐकला आणि ‘ही चालणार नाही’ असे सांगितले, त्याचे नाव राहिले नाही. रेल्वेच्या इतिहासात बर्कलेचे नाव मोठे आहे ते योग्यच. पण घाट बांधणारा एकदा बांधतो, आणि तो चालता ठेवणारे पिढ्यान्पिढ्या खपतात.

१९२० च्या दशकात या नियोजनाने नवे वळण घेतले. १९२५ च्या मध्यास जी.आय.पी. सरकारच्या थेट व्यवस्थापनाखाली आली. त्याच सुमारास इंग्लंडात क्रू येथील कारखान्यात नवी पद्धत सुरू झाली होती. पूर्वी इंजिन एका जागी उभे असे आणि एकच टोळी त्यावरचे सारे काम करी. आता इंजिनच एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर ओढत नेले जाई आणि प्रत्येक टप्प्यावरची टोळी ठरावीक काम ठरावीक वेळेत करी. भारतातल्या सरकारी रेल्वे कार्यशाळांची तपासणी करण्यासाठी सर व्हिन्सेंट रेव्हन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९२६ मध्ये आला. इंजिने दुरुस्तीत फार दिवस अडकतात, कामाचे नियोजन व्हावे, सुटे भाग तयार असावेत, यंत्रे सुधारावीत, असा तिचा रोख होता. तांत्रिक दृष्टीने यातले बहुतेक बरोबर होते. इंजिन कारखान्यात उभे राहते तितके दिवस ते कमावत नाही, हे कोणीही मान्य करील.

पण वाचलेल्या दिवसांचा हिशेब माणसांवर येऊन ठेपला. कमी दिवसांत तेच काम होणार असेल तर तितके हात कशाला, असा प्रश्न रेल्वे प्रशासनाने विचारला आणि कपातीची सूची निघू लागली. १९२७ मध्ये खरगपूरला, १९२८ मध्ये लिलुआला व दक्षिण भारतात रेल्वे कामगारांचे लढे पेटले. त्यांच्या मुळाशी ही कपात होती. ४ फेब्रुवारी १९३० रोजी जी.आय.पी.च्या कामगारांनी संप पुकारला. वेतन, नोकरीची शाश्वती, वागणूक असे अनेक प्रश्न त्यात एकवटले होते. संप मोडला आणि त्यात उतरलेल्या अनेकांना परत कामावर घेतले गेले नाही. या घडामोडी इतिहासाच्या पुस्तकांत ‘कामगार चळवळ’ या प्रकरणात येतात आणि इंजिनदुरुस्तीची पद्धत ‘तंत्रज्ञान’ या प्रकरणात. दोन प्रकरणे वेगळी छापली जातात, म्हणून त्यांचा संबंध वाचकाच्या नजरेतून निसटतो. ज्या तक्त्यावर सिलिंडरला किती दिवस आणि चाकांना किती दिवस हे लिहिले जात होते, त्याच तक्त्यावरून किती फिटर जादा ठरतात हेही काढले गेले.

त्याच वर्षांत घाटातले वाफेचे राज्य संपत होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेची गाडी धावली होती. दशक सरता सरता दोन्ही घाटांवर तारा पोहोचल्या आणि १९३० पर्यंत इगतपुरीचा मार्ग विजेवर आला. मालगाड्यांसाठी आलेली इंजिने स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथील कारखान्यात व इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली होती, एकूण ४१. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ हा वर्ग मिळाला. लांब नाकाडे आणि मध्ये सांधा असल्याने परदेशी लोक तिला मगर म्हणत. इथल्या कर्मचाऱ्यांनी नाव ठेवले ‘खेकडा’. परदेशी नावापेक्षा हे नाव अधिक चपखल आहे, हे तिचे दांडे हलताना पाहिलेला कोणीही सांगेल.

खेकड्याला बॉयलर नव्हता, सिलिंडर नव्हते. म्हणजे परळच्या अर्ध्या जुन्या विद्येची तिला गरज उरली नाही. उतरताना तिच्या मोटारी उलट वीज निर्माण करून तारेत परत पाठवत, त्यामुळे ब्रेकच्या ठोकळ्यांनी धाव तापण्याचा जुना त्रासही कमी झाला. पण चाकांचा नियम सुटला नाही. तिच्या प्रत्येक बोगीतले तीन आस वाफेच्या इंजिनासारखेच दांड्यांनी जोडलेले होते. एक चाक जास्त झिजले की तिथेही तोच पेच: सगळी कातायची की नवी धाव घालायची?

हा पेच आज शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर वेगळ्या रूपात भेटतो. आग्रा रोडवर चालणाऱ्या ट्रकचे इंजिन धूर ओकू लागले की मालक ते रिबोरिंगला देतो. तिथला कारागीर आधी भोक मोजतो आणि मग ठरवतो: दहा थाऊ, वीस की तीस? एका सिलिंडरला तीस लागले तर साधारणतः बाकीच्यांनाही तीसच कापायचे, कारण पिस्टनचा संच एका मापात मिळतो. क्रँक ग्राइंड झाल्यावर बेअरिंग मागवायचे, आधी नाही. आणि पिस्टन हातात आल्यावर त्याचे माप घेऊनच अखेरचा हात फिरवायचा. ज्या मालकाला ट्रक उद्याच भाताच्या पोत्यांसाठी हवा असतो, त्याला ही मोजणी वेळकाढूपणा वाटते. घाई करून कापलेल्या ब्लॉकला स्लीव्ह बसवण्याचा खर्च मात्र त्यालाच द्यावा लागतो.

परळच्या कार्यशाळेत वाफेनंतर डिझेल इंजिने उघडली जाऊ लागली. अलीकडच्या वर्षांत तिची जागा लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या टर्मिनससाठी घ्यावी हा प्रस्ताव पुढे आला आणि कामगारांनी त्याला विरोध केला. शहराला फलाट हवे आहेत, हेही खरे आहे.

खेकडा जातीचे एक इंजिन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभे आहे. तिथे जाणाऱ्याने पाटी वाचून झाल्यावर थोडे वाकून चाकांकडे पाहावे. मधला भाग कुठे संपतो आणि चढवलेली धाव कुठे सुरू होते ती रेघ ओळखता येते. शेजारच्या दोन चाकांशी त्या धावेची जाडी ताडून पाहता येते.